ढोलकीवाल्याची नाईट कोण देणार?

ठाण्यात कोपरीला माझं ऑर्केस्ट्रा आणि साउंडचं छोटं काम आहे. स्पीकरच्या चार पेट्या, एक डिजिटल मिक्सर, सहा वादक, दोन गायक, एक निवेदक. टेम्पो भाड्याचा. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, लग्नसराईतल्या हळदी आणि संगीत यांवर वर्ष निघतं. आषाढात आणि पितृपक्षात फोन वाजत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐरोलीतल्या एका मोठ्या कंपनीच्या सामाजिक उपक्रमासाठी आम्हाला बोलावणं आलं. आदिवासी पाड्यावरच्या मुलांना शहरात आणून दिवसभर त्यांच्याबरोबर घालवायचा, असा बेत होता. फोनवरचा मुलगा फार नम्र होता. "दादा, चांगलं काम आहे. बजेट नाहीये, पण पोरांच्या चेहऱ्यावर हसू येईल. तुम्ही फक्त या." मी तत्काळ हो म्हणालो. त्यात मला काही चूक वाटली नाही, अजूनही हेतूत वाटत नाही.

कार्यक्रम छान झाला. मुलं नाचली, आम्हीही रंगलो. सामान आवरताना खाऊचे बॉक्स पुरवणारा केटरर भेटला, ओळखीचाच. तो म्हणाला, बिल पंधरा दिवसांत पास होतं, इथे पैशाचं टेन्शन नाही. तेव्हा मी आजूबाजूला नीट पाहिलं. फ्लेक्स छापणारा, दीडशे टी-शर्ट पुरवणारा, बस भाड्याने देणारा, मंडपवाला, फोटोग्राफर, ड्रोनवाला, सगळ्यांचं बिल लागणार होतं. त्या मैदानात फुकट आलेले फक्त आम्ही होतो. परतीच्या वाटेवर कळव्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना आमच्या ढोलकीवादकाने विचारलं, "दादा, आपलं काय ठरलं होतं?" त्याला मी सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी त्याला दिवा स्टेशनजवळच्या एका गावात हळदीची सुपारी होती. माझ्या शब्दाखातर ती त्याने सोडली होती.

त्या दिवशी मी दान केलं असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी त्याच्या घरचे पैसे दान केले होते, तेही त्याला न विचारता.

हा लेख तिथून सुरू झाला. करमणुकीचा छोटा धंदा करणाऱ्यांनी संस्थांना मदत करावी का, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. करावी, आणि आजच्यापेक्षा जास्त करावी. पण "चांगल्या कामासाठी आहे, फुकट करा" ही जी पद्धत ठाण्यापासून पनवेलपर्यंत रुळली आहे, ती मोडली पाहिजे. कार्यक्रमाची पूर्ण किंमत कागदावर लिहिली जावी, त्यातला मालकाचा वाटा मालकाने सोडावा, आणि वादकाची, गायकाची, हमालाची नाईट कोणीतरी उघडपणे भरावी. नाईट म्हणजे एका कार्यक्रमाचं मानधन; नाटकवाल्यांकडून आलेला हा शब्द आमच्यातही चालतो.

हिशेब अगदी साधा आहे. समजा एका कार्यक्रमाचे 40,000 रुपये होतात. त्यातले 20,000 वादक-गायक-निवेदकांचे. टेम्पो आणि हमालीचे 5,000. साउंड चालवणारा आणि त्याचा मदतनीस यांचे 4,000. चहापाणी, जेवण 2,000. उरले 9,000. त्यात मिक्सरचा हप्ता, गोदामाचं भाडं, स्पीकरच्या फाटलेल्या कोनचा आणि तुटलेल्या केबलचा खर्च, आणि शेवटी माझी कमाई. म्हणजे मी ज्यावर "माझं" म्हणून हात ठेवू शकतो ते फार तर हे 9,000. याहून जास्त द्यायचं तर माझ्या खिशातून घालायला हवं. वरच्या 31,000 वर पाणी सोडण्याचा अधिकार मला कोणी दिला? तरी वर्षानुवर्षं आम्ही धंदेवाले तो वापरत आलो. वादक गप्प बसतो, कारण पुढच्या सुपारीला त्याला माझ्याकडूनच फोन जायचा असतो. या गप्पपणाला संमती म्हणता येणार नाही.

एका ज्येष्ठ मित्राने मला सुनावलं की तू सेवेचा बाजार मांडतोस. आपल्याकडे कीर्तन जिथे करावं तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये अशी शिकवण आहे, तू रेटकार्ड काय काढतोस? हा आक्षेप मी मनाला लावून घेतला, कारण माझे आजोबा माळकरी होते आणि हे मी त्यांच्याच तोंडून लहानपणी ऐकलं आहे. पण ते व्रत ज्याने त्याने स्वतःवर घ्यायचं असतं. ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवता येत नाही. फुकट यायचं ढोलकीवाल्याने स्वतः ठरवलं तर ती सेवा झाली. त्याच्या वतीने मी ठरवलं तर ती वेठ झाली.

मराठी रंगभूमीवर मदतीच्या प्रयोगांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे आणि ती काय सांगते हेही पाहायला हवं. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन 'संयुक्त मानापमान' केलं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले, म्हणून तो प्रयोग आणखीच दंतकथेसारखा झाला. पण त्या दंतकथेत एक व्यवहार आहे. लोकांनी तिकिटं काढली होती. निधी जमला तो प्रेक्षकांच्या खिशातून. कलाकार फुकट आले आणि प्रेक्षकही फुकट बसले, असं तिथे घडलं नव्हतं.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं आहे. 1980 च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. तो कशासाठी? पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून. कार्यकर्त्यालाही घर असतं, मुलांच्या फिया असतात, हे मान्य करून उभारलेला निधी होता तो. चाळीस वर्षांपूर्वी कार्यकर्त्याबद्दल जे आपण मान्य केलं, ते आज ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याबद्दल मान्य करायला इतकं जड का जावं?

आता कंपन्यांकडे वळतो. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक जरी अट लागू झाली, तरी त्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा कंपन्यांना तोटा नाही. म्हणजे मोठ्यांचं दान कायद्याने ठरलेलं आहे आणि त्याचा हिशेब अहवालात छापला जातो. आमच्यासारख्यांना कायदा विचारत नाही. आम्ही देतो ते मनाने देतो आणि ते कुठेही लिहिलं जात नाही. एवढ्यावर माझी तक्रार नाही. पण कायद्याने पैसे खर्चणं ज्याला भाग आहे, त्याने मनाने देणाऱ्याकडून फुकट काम घ्यावं आणि वर आपल्या अहवालात "सांस्कृतिक कार्यक्रम" म्हणून त्याचा फोटो छापावा, हे मला पटत नाही. मुलांच्या आनंदासाठी फ्लेक्सला बजेट असेल तर गाण्यालाही असलं पाहिजे. मुलं फ्लेक्ससाठी आली नव्हती.

करसवलतीचा गैरसमजही बाजूला करू. "80जी आहे आमच्याकडे, तुम्हाला फायदा होईल," असं संस्थेचे लोक प्रामाणिकपणे सांगतात. 80जी म्हणजे देणगी देणाऱ्याला प्राप्तिकरात मिळणारी सवलत, आणि ती पैशाच्या देणगीवर असते. सेवा किंवा वस्तू दिली तर ती लागू होत नाही, 2,000 रुपयांच्या वरची देणगी रोख दिली तरी होत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ती मिळतच नाही. म्हणजे चार तास साउंड फुकट दिला तर करात एक रुपया वाचत नाही. मला तो वाचवायचाही नाही. फक्त फायद्याचं गाजर दाखवून कोणी बोलावू नये.

यावर संस्था म्हणतील, आमच्याकडे पैसा कुठे आहे? खरंच नसतो. मतिमंद मुलांची शाळा चालवणाऱ्या एका ताईंना मी जवळून पाहिलं आहे; महिन्याच्या शेवटी रिक्षाभाड्याचा हिशेब करताना त्यांचा चेहरा उतरलेला असतो. त्यांच्याकडून 31,000 मागणारा मी कोण? पण संस्थेकडे पैसा नाही म्हणून तो वादकाने भरावा, हे उत्तर होत नाही. मध्ये तिसरा कोणीतरी हवा, आणि तो शोधणं हे माझं काम आहे असं मी आता मानतो. घोडबंदर रोडवरची एखादी सोसायटी वर्षाला तीन कार्यक्रम आमच्याकडून करून घेते. त्यांच्या सांस्कृतिक समितीला मी सरळ विचारतो, की चौथ्या कार्यक्रमाच्या नाईट्स तुम्ही भरा, माझा वाटा मी सोडतो, कार्यक्रम त्या शाळेत होईल, आणि तुमच्यातले दहा जण बघायला या. तीनपैकी एक सोसायटी हो म्हणते. नौपाड्यातल्या एका दुकानदाराने न विचारता दोनदा टेम्पोचं भाडं दिलं. लोक द्यायला तयार असतात, त्यांना नेमकं काय भरायचं ते कळलं पाहिजे. "मदत करा" म्हटलं की माणूस गोंधळतो. "ढोलकी आणि कीबोर्ड, दोघांची नाईट" म्हटलं की खिशात हात जातो.

आणि वादकाला द्यायचंच असेल तर? आमच्यातले दोघं-तिघं देतात. ते मला एकट्याला, फोनवर, आदल्या दिवशी सांगतात. सगळ्यांसमोर मी कधीच विचारत नाही, कारण सगळ्यांसमोर नाही म्हणणं कोणालाही जमत नाही. दिलं तर तेही त्यांच्या नावाने बिलावर लागतं. पूर्ण रक्कम वर, खाली कोणी किती सोडलं ते, आणि मग शून्य आलं तरी चालेल. संस्थेच्या फाइलमध्ये तो कागद राहतो. पुढे ती संस्था एखाद्या कंपनीकडे निधी मागायला गेली, तर वर्षभरात समाजाने आपल्याला काय काय दिलं हे दाखवायला तिच्या हातात काहीतरी असतं. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात आणि नंतर हिशेब देतात. त्या हिशेबात कलाकाराने सोडलेल्या रकमेची एक ओळ लिहिली तर मंडळाचं काय बिघडणार आहे?

इथपर्यंत पैशांबद्दल बोललो. पण फुकटपणाचं याहून मोठं नुकसान वेगळं आहे. फुकट गोष्टीची मागणी कोणी नीट करत नाही. संस्था काय हवं ते सांगत नाही, कारण मिळतंय तेच पुष्कळ. आणि देणारा विचारत नाही, कारण देतोय तेच पुष्कळ. मग काय होतं ते दिवाळीच्या आठवड्यात कुठल्याही बालगृहात किंवा वृद्धाश्रमात जाऊन बघा. सकाळी एक ग्रुप फराळ घेऊन, दुपारी दुसरा गाणी घेऊन, संध्याकाळी तिसरा केक घेऊन. मुलं दिवसातून तीनदा "थँक यू" म्हणत रांगेत उभी. एका वृद्धाश्रमातल्या आजी मला हळूच म्हणाल्या, "बाळा, आज दुपारी झोपू दे रे आम्हाला." फेब्रुवारीत त्याच दाराशी कोणी फिरकत नाही.

विचारलं की कळतं. स्वमग्न मुलांच्या शाळेत बास कमी हवा असतो, दिव्यांची उघडझाप अजिबात नको असते, आणि गाणं सुरू होण्याआधी मुलांना स्पीकरला हात लावून बघायचा असतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नेहमीच्या सवयीने धडाक्यात सुरुवात केली आणि चार मुलं कानावर हात ठेवून रडत बाहेर गेली. खारघरला टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्र आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी बाहेरगावाहून आलेली कुटुंबं त्या भागात दिवसचे दिवस राहतात. केमो चालू असलेल्या मुलाला गर्दी चालत नाही, संसर्गाची भीती असते. तिथे सहा वादकांचा ताफा घेऊन जाणं म्हणजे आपली हौस. एक गिटार, एक कॅहॉन (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), मास्क लावून अर्धा तास, मुलं दारापाशी आणि आपण व्हरांड्यात, एवढंच चालतं. आणि तेवढं पुरतं. बरं, तिथे मराठी गाण्यांइतकीच हिंदी, बंगाली, भोजपुरी गाणी लागतात, कारण माणसं कुठून कुठून आलेली असतात. हे सगळं दोन-तीनदा गेल्याशिवाय, तिथल्या ताईंशी बसून बोलल्याशिवाय कळत नाही. म्हणून वर्षाला पन्नास ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा दोन संस्थांशी कायमचं नातं ठेवावं असं माझं ठाम मत झालं आहे.

फोटोंबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे, कारण यात आमच्या धंद्यातले लोकच चुकतात. बालगृहातल्या मुलांना मांडीवर घेऊन रील काढायची, वर लोगो टाकायचा, खाली फोन नंबर. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा मजकूर किंवा चित्र माध्यमांत प्रसिद्ध करायला मनाई आहे, आणि तो गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या मुलाचा असा फोटो कोणीतरी जाहिरातीत लावलेला आपल्याला चालेल का? मला जाहिरात हवी असेल तर मी ती पैसे देऊन करीन. संस्थेत गेल्यावर आमचे मोबाइल टेम्पोत राहतात.

आणखी एक गोष्ट मला ठाण्यातच शिकायला मिळाली. ज्येष्ठ रंगकर्मी रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने इथे 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्त्यांमधली मुलं स्वतः नाटिका बसवतात, स्वतःच्या आयुष्यातले विषय घेतात आणि रंगमंचावर उभी राहतात. मतकरी 2020 मध्ये गेले, त्यांनी पेरलेला विचार माझ्यासारख्या साउंडवाल्याच्याही कामाचा आहे. आम्ही जाऊन मुलांना रमवतो, तेव्हा मुलं प्रेक्षक असतात. त्याऐवजी मी दोन कॉर्डलेस माइक, एक मिक्सर आणि एक शांत ऑपरेटर दिला, आणि कार्यक्रम त्यांचाच असला, तर? माइक तोंडापासून किती लांब धरायचा, स्पीकरमधून शिट्टी आली तर घाबरायचं नाही, मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाज कसा ऐकायचा, हे दोन तासांत शिकवता येतं. कळव्याच्या एका वस्तीतल्या मुलीने असं शिकून मग स्वतःच आमच्या मिक्सरवर तीन कार्यक्रम सांभाळले. तिला तिची नाईट दिली. तिने नोटा दोनदा मोजल्या.

महापालिकांनी यात एक काम करावं. गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह ठाणे महापालिकेची, वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह नवी मुंबई महापालिकेचं. ही सगळी लोकांच्या पैशाने उभी आहेत. आठवड्यातल्या मधल्या दिवसांच्या सकाळी रंगमंच बऱ्याचदा रिकामा असतो. वर्षातल्या अशा काही सकाळी विशेष मुलांच्या शाळांसाठी आणि वस्त्यांतल्या मुलांसाठी राखाव्यात, भाडं माफ करावं, आणि त्या दिवशी वाजवणाऱ्या स्थानिक कलाकारांना ठरलेलं मानधन पालिकेने द्यावं. ते मोठं नसलं तरी चालेल, पण ठरलेलं आणि वेळेवर हवं. गडकरीच्या रंगमंचावर उभं राहिलेलं मूल मासुंदा तलावाकडे नंतर वेगळ्या नजरेने बघतं, हे मी पाहिलं आहे.

हे सगळं लिहिताना मला 2020 चा उन्हाळा आठवतो. मार्चमध्ये सगळं थांबलं. गणपती गेले, नवरात्र गेलं, लग्नं पन्नास माणसांत उरकली जाऊ लागली. नाट्यगृहं मध्ये काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली आणि 22 ऑक्टोबर 2021 ला परत उघडली. त्या दीड वर्षात आमच्या कीबोर्डवाल्याने भाजी विकली, निवेदक डिलिव्हरीची बाईक चालवू लागला. ऑक्टोपॅड विकलं गेलं ते अजून परत आलेलं नाही. जून 2020 मध्ये एका दुपारी माझ्या दाराशी रिक्षा थांबली. त्या विशेष मुलांच्या शाळेच्या ताई आणि एक शिपाईकाका आले होते. त्यांच्याकडे देणगीदारांचा किराणा आला होता, त्यातून आठ पिशव्या त्यांनी आमच्या माणसांसाठी बाजूला काढल्या होत्या. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा. प्रत्येक पिशवीवर नाव लिहिलेलं. आमच्या हमालाचंही नाव होतं. ताईंना त्याचं नाव माहीत होतं, आणि मला त्या दिवसापर्यंत त्याचं फक्त टोपणनाव माहीत होतं.

ताईंनी नंतर त्या पिशव्यांची नोंद शाळेच्या वहीत केलेली मी पाहिली. कोणाला, काय, किती रुपयांचं. दान लिहून ठेवण्याची सवय मी तिथून उचलली आहे.

यंदा चार दिवस ठरले आहेत. दोन त्या शाळेत, दोन खारघरला, चारही फेब्रुवारी आणि जुलैमध्ये, सीझनच्या बाहेर. तीन दिवसांच्या नाईट्स भरल्या गेल्या आहेत, चौथ्यासाठी वर्तकनगरच्या एका सोसायटीशी बोलणं चालू आहे. बाकीच्या फोनना मी रेट सांगतो, आणि परवडत नसेल तर पैसे कुठून उभे करता येतील हेही सांगतो. ढोलकीवादकाने काल विचारलं, शाळेत ढोलकी आणू की नुसती डफली, कारण मागच्या वेळी पुढच्या रांगेतल्या एका मुलीला थापेचा आवाज सोसला नव्हता. मी म्हटलं, दोन्ही आण, ताईंना विचारून ठरवू.